‘ताई, जरा उजळ काढा’

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. निवांत वेळ असेल तेव्हा वाचा, पण वाचा.

गेली सोळा वर्षं मी कोल्हापूर जिल्ह्यात पार्लर चालवते आणि सीझनला नवरीचे मेकअप करते. या सोळा वर्षांत एक वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी तोंड उघडायच्या आधीच मला ते ऐकू येतं. नवरी खुर्चीत बसते, मी पेटी उघडते आणि मागून आत्या, मावशी, काकू, कुणीतरी म्हणतंच, "ताई, जरा उजळ काढा हं." जसं काही मी झेरॉक्स काढतेय.

अलीकडे या वाक्यावर नवी झूल चढलीय. आता नुसतं उजळ नको असतं, ‘ऐतिहासिक’ उजळ हवं असतं. पेशवाई लूक, मराठशाही लूक, रविवर्मा लूक. दुसऱ्याकडे बोट दाखवायला नको, माझ्याही रेटकार्डवर हे सगळं छापलेलं आहे. २०१५ च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि पुढच्याच सीझनपासून नऊवारी, नथ, चंद्रकोर, खोपा, ठुशी अशी ऑर्डर सुरू झाली ती आजतागायत. धंदा म्हणून मला त्यात वाईट काहीच वाटलं नाही. उलट बरं वाटलं. पोरी विमानातल्या हवाईसुंदरीसारखं दिसण्याऐवजी आपल्यासारखं दिसायला मागतायत, असं वाटलं.

पण हे ‘आपल्यासारखं’ म्हणजे नक्की कुणासारखं, हा प्रश्न मला गेल्या सीझनमध्ये एका नवरीने विचारायला लावला.

मुलगी शिरोळ तालुक्यातली. नाव, गाव लिहीत नाही. नर्सिंग झालेली, नोकरी करणारी. रंगाने चांगली गडद सावळी. लग्नाच्या पंधरा दिवस आधी ट्रायलला आली ती आत्याबरोबर. आत्याने बसायच्या आधीच ऑर्डर दिली. "पेशवाई करायचं. आणि ताई, पोरगी जरा उजळ काढा. पाव्हणं पुण्याचं हाईत. फोटो जल्मभर ऱ्हात्यात."

मुलगी काही बोलली नाही. आत्या फोनवर बोलायला बाहेर गेल्यावर तिने हळूच मोबाईल पुढे केला. "ताई, हिच्यासारखं करता येईल का?"

फोटो अजिंठ्याचा होता. पहिल्या लेण्यातला, जिथे पद्मपाणी आहे तिथला. कॉलेजच्या सहलीला गेली होती तेव्हा काढलेला. आत फ्लॅश मारायला बंदी असते, त्यामुळे फोटो धूसरच. पण ती बाई दिसत होती. लोक तिला ‘काळी राजकुमारी’ म्हणतात ती. डोक्यावर दागिन्यांचा मुकुट, झुकलेल्या पापण्या, भरलेला खालचा ओठ, आणि रंग गडद सावळा. या मुलीचाच.

खरं सांगते, माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं असेल? "अगं, पण हे फोटोत कसं येईल?"

ती म्हणाली, "तिचा फोटो बरा आलाय की."

मी हसले, पण घरी गेल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. त्या रात्री मला आठवली ती माझी सुरुवातीच्या काळातली एक नवरी. तीही सावळी. तिला मी तिच्या रंगापेक्षा तीन शेड फिकट फाउंडेशन लावलं होतं, कारण तेव्हा माझ्या पेटीत होत्याच मुळी पाच शेड आणि पाचही गोऱ्या. घरचे खूश झाले, पैसे मिळाले. सात-आठ वर्षांनी ती आयब्रो करायला माझ्याकडे आली आणि हसत हसत म्हणाली, "ताई, माझी पोरगी अल्बम बघून विचारती, यात तू कुठं हाईस?" ती हसत होती. मला हसू आलं नाही. घरी जुने फोटो काढून बघितले. चेहरा पांढरा, मान वेगळी, मेंदी काढलेले हात तिसऱ्याच बाईचे.

यामागचं शास्त्र फार अवघड नाही. फिकट फाउंडेशनला फिकटपणा येतो तो बहुतेक टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या पांढऱ्या रंगद्रव्यामुळे. तपकिरी कातडीवर पांढऱ्याचा पातळ थर दिला तर गोरा रंग तयार होत नाही, राखाडी होतो. राख फासल्यासारखा. त्यावर फ्लॅश पडला की तोच पांढरा प्रकाश परत फेकतो आणि चेहरा भुतासारखा उजळतो. म्हणजे ज्याला आपण ‘गोरं केलं’ म्हणतो ते प्रत्यक्षात चेहऱ्यावरचं रक्त काढून घेणं असतं. हे कळायला मला सहा-सात वर्षं लागली. शिकवणाऱ्यांनी कधी सांगितलंच नव्हतं. कोर्सला आम्हाला मॉडेलही गोऱ्याच मिळायच्या.

आता ‘पेशवाई लूक’चं बघा. मला इतिहासातलं फार कळतं अशातला भाग नाही, पण साधी गोष्ट आहे. पेशवाई संपली १८१८ साली. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली. म्हणजे पेशवाईतल्या एकाही बाईचा फोटो कुणी काढलेला नाही, काढणं शक्यच नव्हतं. मग आपण ज्याला पेशवाई चेहरा म्हणतो तो आला कुठून?

माझ्या समजुतीप्रमाणे तो तीन दुकानांतून आला. एक, रविवर्मा. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी, सरस्वतीची रंगीत चित्रं छापून घराघरांत गेली. आपल्या देव्हाऱ्यातल्या आणि कॅलेंडरवरच्या देवीचा चेहरा आजही बराचसा त्या छापखान्यातला आहे. गोरापान, गोल, शांत. दोन, नाटक. बालगंधर्व (१८८८–१९६७) स्टेजवर नऊवारी नेसून उभे राहिले की प्रेक्षकांतल्या बायका साडी कशी नेसलीय, गजरा कसा माळलाय ते डोळ्यांत साठवून घरी जायच्या. एका पुरुषाकडून महाराष्ट्रातल्या बायका बाई कसं दिसावं ते शिकल्या, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. ही आपली मोठी गोष्ट आहे, माझ्यासारख्या मेकअपवालीला तर अभिमानाची. आणि तिसरं दुकान म्हणजे सिनेमा. त्याने या दोघांकडून उचललं.

यातलं नाटकाचं जरा समजून घ्या. जुन्या रंगभूमीवर चेहऱ्याला सफेदा फासायचे त्याला कारण होतं. कंदील आणि गॅसबत्तीच्या उजेडात मागच्या रांगेतल्या माणसाला चेहरा दिसायला हवा. पांढरा रंग ही उजेडाची अडचण सोडवण्याची युक्ती होती. जपानमध्येही काबुकीचे नट चेहरा पांढराफेक रंगवत. त्या रंगात शिसं असायचं. १८८७ साली नाकामुरा फुकुसुके नावाच्या नटाचा पाय खुद्द सम्राटासमोर प्रयोग चालू असताना थरथरायला लागला. ती शिशाची विषबाधा होती. त्यानंतर तिथे शिसं नसलेला पांढरा रंग शोधायची खटपट सुरू झाली. गॅसबत्ती गेली, एलईडी आले, मंगल कार्यालयात डोळे दिपतील इतका उजेड असतो. आपण मात्र अजून मागच्या रांगेसाठी पोरींना रंगवतोय.

आणि या सगळ्यात कोण गायब झालंय तेही बघा. माझ्या आज्जीच्या कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण होतं. हिरवट, तीन टिपके. शेतात राबणाऱ्या, डोक्यावर पाटी घेणाऱ्या हजारो बायकांचा तोच दागिना होता. मेल्यावर बरोबर येतो तेवढाच, असं ती म्हणायची. मेण लावून त्यावर बोटाने टेकवलेलं ठसठशीत कुंकू, दिव्यावर धरलेल्या काजळीत तूप कालवून केलेलं काजळ. हेही आपल्या इतिहासातलंच सौंदर्य. पण गोंदणवालीचा ‘ऐतिहासिक लूक’ करून द्या, असं सोळा वर्षांत मला कुणी म्हटलं नाही. इतिहास म्हटला की सगळ्यांना वाड्यातलीच व्हायचं असतं. रानातली कुणालाच व्हायचं नसतं.

असो. तर अजिंठा.

मी त्या आठवड्यात अजिंठ्याची चित्रं पुस्तकांतून, मोबाईलवरून मोठी करकरून बघितली. मेकअपवालीच्या नजरेने. आणि खरं सांगू, लाज वाटली. दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटकांच्या काळात त्या चित्रकारांना जे कळत होतं ते आमच्या कोर्समध्ये नव्हतं. त्यांच्याकडे रंग किती? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, चुन्याचा पांढरा, दिव्याची काजळी आणि अफगाणिस्तानकडून येणारा महागडा निळा लाजवर्द. एवढ्यात त्यांनी गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, सगळी माणसं रंगवली. एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी. सतराव्या लेण्यात आरशात बघत शृंगार करणारी एक राजस्त्री आहे. तिच्या आजूबाजूच्या दासींचे रंग बघा, प्रत्येकीचा वेगळा.

कुणी म्हणेल, ती चित्रं जुनी होऊन काळी पडलीत. खरं आहे, मागच्या दीडशे-दोनशे वर्षांत त्यांच्यावर वार्निश वगैरे चढवली गेली आणि त्याने रंग बिघडले. पण त्याच भिंतीवर, त्याच वार्निशाखाली गोऱ्या बायकाही आहेत की. वार्निश काय जात बघून चढलं का? चित्रकाराने तिला सावळी काढली कारण त्याला ती सावळी काढायची होती.

आणि काढली कशी? आधी गेरूने रेघ. मग तिचाच रंग भरायचा, त्यात कडेला गडद, मध्ये हलका, म्हणजे गाल गोल दिसतो. जुन्या ग्रंथांत या छटा देण्याला ‘वर्तना’ म्हणतात. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात तिचे प्रकार सांगितलेत. डोळ्यांचेही प्रकार आहेत, धनुष्यासारखा, माशाच्या पोटासारखा, कमळाच्या पाकळीसारखा. शेवटी नाकावर, ओठावर, हनुवटीवर उजेडाचा एकेक ठिपका. आम्ही आज कॉन्टूर आणि हायलाइटर म्हणून हजारो रुपयांना जे विकतो, ते हेच. फरक एवढाच की त्यांनी सावळीला सावळी ठेवून तिच्यावर उजेड पाडला. आम्ही तिला आधी पुसतो आणि मग उजेड पाडतो.

भाबडेपणा नको, म्हणून हेही लिहिते. जुना काळ काही सोन्याचा नव्हता. गोऱ्या रंगाचं कौतुक आपल्याकडे जुनंच आहे, इंग्रजांनी येऊन शिकवलं असं नाही. पण त्याच्या शेजारी दुसरंही उभं होतं. महाभारतातली द्रौपदी सावळी, तिचं नावच कृष्णा. आणि आपण ज्याच्या पायी डोकं ठेवायला वारीला जातो तो कोण रंगाचा आहे, हे मी सांगायला नको. पंढरपूरला जाऊन आलेल्या बाईनेच माझ्या दुकानात बसून "सून काळी नको" म्हटलेलं मी ऐकलंय. तिच्या कपाळावरचा बुक्काही अजून पुसला नव्हता.

मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, "ये, परत ट्रायल करू. पैसे नकोत."

या वेळी ती एकटी आली. दुपारी, खिडकीच्या उजेडात बसवलं. जबड्याच्या कडेला तीन शेड लावून बघितल्या, कातडीत जी विरघळली ती घेतली. अशा दोन शेड, एक तिच्याच रंगाची आणि एक कपाळाच्या कडेसाठी किंचित गडद. डोळ्यांखाली नारिंगी करेक्टर, कारण गडद कातडीवरचा काळेपणा निळसर असतो, त्याला पांढऱ्याने झाकलं तर राखाडी दिसतो, नारिंगीने मारला तर मरतो. भुवई ब्लॉकसारखी कोरली नाही, केसाकेसाने लांबवली. पापणीवर गेरूच्या जवळ जाणारा तांबूस आणि थोडा सोनेरी. काजळ वॉटरलाइनमध्ये भरून कानाच्या दिशेने लांब ओढलं, अजिंठ्याच्या डोळ्यासारखं. नाक बारीक केलं नाही. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड. हात आपोआप ब्रशकडे जातो, सोळा वर्षांची सवय. ओठ विटकरी आणि मरूनच्या मधला. उजेडाचे ठिपके नाकावर, खालच्या ओठाच्या मध्यावर आणि हनुवटीवर, पण पांढऱ्याचे नाही, तांबट सोनेरी.

आरशात बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, एक राहिलं. आईला हनुवटीवर तीन गोंदणाचे टिपके आहेत. तसे काढाल? खोटे चालतील."

हिरव्या लाइनरने काढले. दीड मिनिटाचं काम.

आणि आता तुम्हाला सांगते, या पोस्टचं खरं कारण पुढे आहे.

लग्नाच्या दिवशी पहाटे पाचला मी तिच्या घरी गेले. आदल्या दिवशी हळद झाली होती. हळदीनंतर कातडी पिवळसर होते, त्यामुळे शेड परत बघावी लागते, हे नव्या मेकअपवाल्या पोरींनी लक्षात ठेवा. आत्या आली, बघितलं, तोंड कडू केलं. "काळीच ठेवली की वो." मी काही बोलायच्या आत मुलगी म्हणाली, "आत्या, मी काळीच आहे." आवाज चढवला नाही. ताप किती आहे ते सांगतात तसं सांगितलं.

शालू नेसून झाला, खोपा घातला, गजरे माळले, मुंडावळ्या बाजूला काढून ठेवल्या. कुंकू राहिलं होतं. तिने आधीच सांगितलं होतं, टिकली नको, चंद्रकोर नको. मेणावरचं गोल कुंकू. मी डबी उघडली तर म्हणाली, "तुम्ही नका लावू. आई लावेल."

खोलीत एकदम सगळं थांबलं. कारण आई कुठे होती, तर मागच्या दारापाशी, भांड्यांच्या गराड्यात. सहा वर्षांपूर्वी मुलीचे वडील गेले. आदल्या दिवशी हळद लावायलाही आई पुढे आली नव्हती, कुणी बोलावलंही नव्हतं. आत्या म्हणाली, "अगं, शुभकार्याला..." आणि वाक्य अर्धं सोडलं. आपल्याकडे ही वाक्यं अर्धीच सोडतात, पुरी करायला कुणाची जीभ रेटत नाही.

याच तालुक्यात हेरवाड आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा मेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे आमच्या गावात चालणार नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, आम्ही स्टेटसला ठेवलं. आणि त्याच तालुक्यात, काही वर्षांनी, एक बाई लेकीच्या लग्नात मागच्या दारी बसली होती. ठराव करणाऱ्यांना नावं ठेवत नाही, त्यांनी मोठं काम केलं. ठराव गावात होतो, कुंकू घरात असतं, एवढंच म्हणते.

मुलगी उठली, शालू सावरत स्वतः मागच्या दारी गेली. आईने दोन वेळा नको म्हटलं. "तुझं चांगलं व्हायला पायजे बाळा, मला हितंच ऱ्हाऊ दे." मुलगी हलली नाही. शेवटी आईने पदराला हात पुसले, आधी मेण टेकवलं, मग कुंकवात बोट बुडवून तिच्या कपाळावर गोल फिरवलं. बोट थरथरत होतं, त्यामुळे गोल थोडा वाकडा आला. मी सुधारायला ब्रश घेतला होता. परत पेटीत ठेवला.

मग मी डबी आईपुढे धरली. मला वाटलं, आता होऊन जाईल. पिक्चरमध्ये झालं असतं. आई म्हणाली, "मला नको ताई. सवय गेली." आणि भांड्यांकडे वळली. मी पुढे काही बोलले नाही. तिच्या कपाळाचं काय करायचं ते तिने ठरवायचं. मी आग्रह केला असता तर तोही एक नियमच झाला असता.

लग्न नीट लागलं. पुण्याचे पाहुणे जेवून गेले, कुणाला काही खुपलं नाही. खुपलं असलं तरी माझ्या कानावर आलं नाही.

तेव्हापासून मला एक कळलंय आणि तेच सांगायला एवढं लिहिलं. इतिहासातला लूक जरूर घ्या. डोळा घ्या, रेघ घ्या, खोपा घ्या, नथ घ्या, गोंदण घ्या. मी करून देईन, आनंदाने करून देईन. पण लूकबरोबर त्या काळाचा नियम घेऊ नका. उजळच पाहिजे हा नियम आहे. कुंकू कुणी लावायचं आणि कुणी नाही हा नियम आहे. ते जिथे होते तिथेच राहू देत. आज आपण उलट करतोय. रंगरेषा, कला सिनेमावाल्यांवर सोपवली आणि नियम मात्र घरी आणले.

आता थोडं कामाचं, कारण हा फक्त दिसण्याचा विषय नाही.

आपल्या बाजारात गोरेपणाच्या क्रीमचा धंदा जुना आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आली आणि २०२० साली तिच्या नावातला ‘फेअर’ जाऊन ‘ग्लो’ आला. पाटी बदलली, मागणी बदलली नाही. मोठ्या कंपन्यांपेक्षा मला भीती वाटते ती बिनलेबलच्या डब्यांची. ‘फॉर्म्युला क्रीम’, ‘पार्लर स्पेशल’, ‘सात दिवसांत फरक’. माझ्याकडेही विकायला येतात, मार्जिन दुप्पट सांगतात. यातल्या काहींत पारा असतो, काहींत स्टेरॉइड. पारा कातडीतला रंग तयार होण्याचं काम थांबवतो, म्हणून फरक दिसतो. आणि तोच पारा रक्तात जाऊन मूत्रपिंडावर बसतो. केरळमधल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ दरम्यान तपासलेल्या एका विशिष्ट किडनीविकाराच्या २२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या १५ जणांत आजाराचा एक ठरावीक प्रकार सापडला आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचं सांगितलं. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत पारा मुद्दाम घालायला मनाई आहे. नकळत आला तरी डोळ्यांच्या प्रसाधनांत दहा लाख भागांत ७० आणि बाकीच्यांत १ भागापेक्षा जास्त चालत नाही. कायदा आहे. डब्यावर कंपनीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, घटक नसतील तर तो डबा घरात आणू नका. आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून चेहऱ्याला चोळू नका, चेहरा कायमचा बिघडलेल्या पोरी मी बघितल्यात.

पार्लरवाल्या मैत्रिणींनो, पेटीत गडद शेड ठेवा. मागणी नाही असं आपण म्हणतो, पण पेटीत नसलेली शेड मागणार कोण? रेटकार्डवर एक तरी फोटो सावळ्या नवरीचा लावा. फोटोग्राफर भावांनो, अल्बम करताना चेहरा उजळवायचं ते बटण न विचारता दाबू नका. स्पर्धा भरवणाऱ्यांनो, ‘ऐतिहासिक थीम’ ठेवता ना, मग एक वर्ष अजिंठा ठेवा. आपल्या कोल्हापूरच्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी नाना जातीजमातींच्या बायका रंगवल्यात, एक वर्ष ते ठेवा. मॉडेल मात्र भिंतीवरच्या रंगांच्या निवडा. आणि आत्यांनो, मावश्यांनो, तुमच्यावर राग नाही. तुम्हालाही कुणीतरी कधीतरी म्हटलं असणार, जरा उजळ असतीस तर. ते वाक्य तुमच्यापाशी थांबवा.

माझ्या रेटकार्डवरून ‘पेशवाई’ काढलेलं नाही. पोट आहे. पण खाली एक ओळ वाढवलीय: "रंग बदलून मिळणार नाही." गेल्या महिन्यात त्या ओळीमुळे दोन ऑर्डर गेल्या. एक आली.

त्या मुलीने परवा अल्बममधला एक फोटो पाठवला. कपाळावरचं कुंकू वाकडंच आहे. बाजूला आई आहे, अर्धी फ्रेमच्या बाहेर. दोघींच्या हनुवटीवर तीन तीन टिपके आहेत. तिला विचारलं, हा इथे टाकू का? म्हणाली, "नको ताई, आमच्या घरात राहू दे." म्हणून टाकला नाही.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, भांडू. पण "उजळ" हा शब्द न वापरता भांडू.